निवृत्त छोट्या संगणकाला दुसरी नोकरी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. त्या दिवशी कुठल्या संगणकाचा पंखा थांबला नाही की कुणाची डिस्क बिघडली नाही. तरीही बँका, कॉल सेंटर आणि कंपन्यांच्या कार्यालयांतून चांगले चालते संगणक बाहेर पडताहेत. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. २०१५ ते २०१७ या काळात आलेल्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, त्या यादीत बसत नाहीत.

बाहेर पडणाऱ्या या संगणकांत एक जात फार उपयोगी आहे: मॉनिटरच्या मागे अडकवलेली चपटी चौकोनी पेटी. लेनोवोची ‘थिंकसेंटर टायनी’, डेलची ‘ऑप्टिप्लेक्स मायक्रो’ आणि एचपीची ‘एलिटडेस्क मिनी’ ही तिची नेहमी भेटणारी नावं. लांबी-रुंदी सुमारे १८ सेंटीमीटर, जाडी साडेतीन सेंटीमीटर, आकारमान लिटरभराच्या आसपास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर जुन्या मालाच्या दुकानांत त्यांच्या थप्प्या दिसतात. तुमच्या गावच्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा घरच्या कामाला अशी पेटी कशी लावायची, ते आता क्रमाने पाहू.

पेटीत काय असतं

या पेट्यांमधल्या बऱ्याच प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘टी’ हे अक्षर असतं, उदाहरणार्थ कोअर आय५-६५००टी. ‘टी’ म्हणजे कमी उष्णतेसाठी वेग थोडा आवरलेला प्रोसेसर. आय५-६५००टीमध्ये चार कोअर आहेत, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्‌झ आहे आणि उष्णतेची मर्यादा ३५ वॅट आहे. नेहमीच्या डेस्कटॉपमधल्या त्याच पिढीच्या आय५-६५००ची मर्यादा ६५ वॅट. उष्णता कमी म्हणून पंखा लहान, पंखा लहान म्हणून आवाज कमी. वीज आत घेण्यासाठी लॅपटॉपसारखा बाहेरचा अॅडॅप्टर असतो, त्यामुळे पॉवर सप्लाय बिघडला तरी पेटी उघडावी लागत नाही; अॅडॅप्टर बदलला की झालं. रॅमही लॅपटॉपचीच.

दिवसरात्र चालू ठेवायच्या यंत्राला नेमके हेच गुण लागतात. नवं कार्यालयीन सॉफ्टवेअर चालवायला ही पेटी मागे पडत असेल, पण पुस्तकांची नोंद ठेवणं, फाइली वाटणं, पानं पुरवणं या कामांत प्रोसेसर बराच वेळ रिकामाच बसलेला असतो. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला एकच आहे: एका पेटीला एक काम द्या, आणि ते चोवीस तास चालेल असं द्या. एकाच पेटीवर सगळं थापलं की एक गोष्ट बिघडल्यावर सगळंच बंद पडतं आणि बिघाड शोधणारा रडकुंडीला येतो.

दुकानात काय तपासायचं

पेटी चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. चालू करताना डेलमध्ये एफ२, लेनोवोमध्ये एफ१ आणि एचपीमध्ये एफ१० ही कळ दाबत राहिलं की बायोस, म्हणजे पेटीच्या मूळ सेटिंगचा पडदा, उघडतो. तिथे पासवर्ड मागितला तर ती पेटी परत ठेवा. आधीच्या कंपनीने घातलेलं ते कुलूप असतं. ते घरी काढता येईलच याची खात्री नाही, आणि पुढच्या सगळ्या सेटिंगसाठी बायोस उघडावाच लागणार आहे.

बायोसमध्येच प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा प्रकार दिसतो. डीडीआर४ रॅमची पेटी घ्या. दिसायला सारख्या पेट्यांत फरक असतो: डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०४० मायक्रोत जुनी डीडीआर३एल रॅम आहे, त्यानंतरच्या ३०५०मध्ये डीडीआर४. रॅमसाठी बहुतेक पेट्यांत दोन खाचा असतात. ८ जीबी पुरते, १६ जीबी असेल तर पुढची काळजी मिटते.

मग डिस्क. पेटीत अडीच इंची डिस्कची जागा असते, आणि बऱ्याच मॉडेलांत त्याखेरीज एम.२ एसएसडीची खाच असते. खाच आहे की नाही ते झाकण उघडून डोळ्यांनी बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. आतली डिस्क किती तास चालली आहे आणि तिच्यात बिघाडाच्या नोंदी आहेत का, हे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं साधन लगेच सांगतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून नवी छोटी एसएसडी घाला. या सगळ्या खटाटोपात नवीन वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा.

अॅडॅप्टर त्याच कंपनीचा आणि योग्य वॅटचा आहे का, हेही पाहा. डेल आणि एचपी या पेट्यांना साधारण १९.५ व्होल्ट, लेनोवो २० व्होल्ट देते. आणि मागची तोंडं मोजा. अनेक पेट्यांवर एचडीएमआय नसतं, फक्त डिस्प्लेपोर्ट असतं. टीव्हीला जोडायची असेल तर डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयला जाणारी केबल सोबतच घ्या.

उघडणं आणि साफ करणं

कार्यालयात पाच-सात वर्षं टेबलामागे चाललेल्या पेटीत धूळ असतेच. या तिन्ही कंपन्यांच्या पेट्या उघडायला सोप्या आहेत: मागे एक स्क्रू, तो सैल करून झाकण सरकवलं की आतलं सगळं समोर येतं. काही मॉडेलांत रॅम आणि एम.२ची खाच खालच्या झाकणाखाली असते.

पंख्याशेजारी तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी दिसेल. धूळ नेमकी पंखा आणि या पट्ट्या यांच्या मध्ये नमद्यासारखी बसते. वरून फुंकर मारून ती निघत नाही. पंखा काढून मऊ ब्रशने पट्ट्या उघड्या कराव्या लागतात. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने पंखा गरगर फिरतो आणि त्याचं बेअरिंग बिघडतं.

त्यानंतर या पट्ट्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, उचला. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. इतक्या वर्षांत ती वाळून खडूसारखी झालेली असते, मग उष्णता नीट वर जात नाही आणि प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू चकचकीत पुसा. मधोमध नव्या पेस्टचा लहानसा थेंब ठेवा आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने थोडेथोडे आवळा. जुना म्हणून मंद वाटणारा संगणक एवढ्यानेही बऱ्याचदा पुन्हा मूळ वेगावर येतो.

पेटी उघडीच आहे तर नाण्यासारखा सीआर२०३२ सेलही बदला. वीज नसताना संगणकाचं घड्याळ आणि बायोसची सेटिंग या सेलवर टिकतात. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि पुष्कळ पेट्या चालू होताना ‘कळ दाबा’ असा निरोप दाखवून थांबून राहतात. वाचनालयात तर पुस्तक परत करायची तारीखच चुकते. हा सेल घड्याळजीकडेही मिळतो.

एकटी सोडण्याआधीची तयारी

या पेटीला बहुधा कळफलक आणि पडदा जोडलेला नसेल. ती कपाटावर किंवा राउटरशेजारी पडून राहील. म्हणून बायोसमध्ये दोन गोष्टी करा. वीज परत आल्यावर काय करायचं, हे ठरवणारं सेटिंग डेलमध्ये ‘एसी रिकव्हरी’ आणि लेनोवो-एचपीमध्ये ‘आफ्टर पॉवर लॉस’ या नावाने असतं. तिथे ‘पॉवर ऑन’ निवडा. मग भारनियमनानंतर बटण दाबायला कुणाला जावं लागत नाही. दुसरं, कळफलक जोडलेला नसला तरी अडून न बसण्याचं सेटिंग बघा.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. टेबलावर बसून वापरायचा संगणक हवा असेल तर लिनक्स मिंट घ्या. विंडोजची सवय असलेल्याला ते परकं वाटत नाही. कोपऱ्यात राहून सेवा देणारी पेटी हवी असेल तर डेबियन घ्या. डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली आणि तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. इंटेलचं ग्राफिक्स आणि नेटवर्क लिनक्स मुळातच ओळखतं, त्यामुळे वेगळे ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. मराठी टायपिंगसाठी दोन्हीकडे इनस्क्रिप्ट आणि कागप या मांडण्या तयार असतात. सेटिंगमध्ये जाऊन फक्त जोडायच्या.

पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर उतरवा, चालू करताना बूट मेनू उघडा (डेल आणि लेनोवोत एफ१२, एचपीत एफ९) आणि जुनी डिस्क पूर्ण पुसून नवी सिस्टिम घाला. आधीच्या कार्यालयाची माहिती आत राहिली असेल तर ती पाहणं हा आपला अधिकार नाही.

शेवटी राउटरमध्ये जाऊन या पेटीला कायमचा एक आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे बाकीच्या संगणकांना ती रोज त्याच जागी सापडेल. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतील अशी सोय चालू करा. इतकं झालं की पडदा काढून ठेवायला हरकत नाही. पुढची देखभाल दुसऱ्या संगणकावरून एसएसएच वापरून करता येते.

काम पहिलं: वाचनालय

‘कोहा’ ही ग्रंथालय सांभाळणारी मोफत, मुक्त संगणक प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेन्युआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ती लिहिली गेली, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल झेपणारी नव्हती. जानेवारी २०००मध्ये ती तिथे सुरू झाली. आज भारतातल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती वापरात आहे. छोट्या गावातल्या ग्रंथालयाची अडचण सोडवायला जन्मलेली प्रणाली आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला चपखल बसते.

कोहा डेबियनवर चालते आणि वापरायची ती ब्राउझरमधून. पेटी कपाटावर राहते. ग्रंथपाल आपल्या टेबलावरच्या कुठल्याही संगणकावर तिचा पत्ता उघडतात. पुस्तकाची नोंद एकदा करायची: शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ग क्रमांक, दाखल क्रमांक. सगळं युनिकोडमध्ये असल्याने मराठी शीर्षक मराठीतच राहतं आणि मराठीतच शोधता येतं. दाखल क्रमांकाचा बारकोड छापून पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवायचा. यूएसबी बारकोड वाचक संगणकाला कळफलकासारखाच दिसतो, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

देवघेवीच्या वेळी काय होतं ते बघा. ग्रंथपाल सभासदाच्या कार्डावर लाल किरण धरतात, त्याचं खातं उघडतं, आधीची पुस्तकं आणि राहिलेला दंड दिसतो. मग पुस्तकावरचा बारकोड वाचला की पुस्तक त्या खात्यावर चढतं आणि परतीची तारीख आपोआप पडते. परत आलं की पुन्हा एकदा बारकोड. कुणी एखादी कादंबरी मागितली आणि ती बाहेर असेल तर कधी परत यायची आहे, ते तिथल्या तिथे सांगता येतं. वर्षअखेरीच्या तपासणीला कोणती पुस्तकं कपाटात नाहीत, त्याची यादी निघते. ८ जीबी रॅमची ही पेटी लहान वाचनालयाचा हा भार आरामात पेलते. वेळ लागतो तो नोंदी भरायला. एक कपाट पूर्ण करून मगच दुसरं घ्या आणि हे काम दोन-तीन तरुण सभासदांत वाटून द्या.

काम दुसरं: इंटरनेट नसलेली शाळा

ज्या शाळेत इंटरनेट येत-जात असतं तिथे ‘किविक्स’ वापरा. विकिपीडियासारखी संपूर्ण संकेतस्थळं झिम या प्रकारच्या एकाच फाइलमध्ये बांधून किविक्स मोफत देतं. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाची फाइल १०० जीबीहून मोठी आहे. २००३मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्या मानाने अगदी लहान जागेत मावतो. चांगलं इंटरनेट असलेल्या ठिकाणी फाइली उतरवून घ्यायच्या, पेटीत भरायच्या आणि पेटी शाळेत साध्या वाय-फाय राउटरला जोडायची.

पुढे चालतं ते असं: मुलांच्या टॅबवरून किंवा संगणकावरून मागणी राउटरकडे जाते, राउटर ती पेटीकडे पाठवतो, पेटीतला किविक्स झिम फाइलमधून नेमकं पान काढून परत देतो. बाहेरच्या इंटरनेटची गरज कुठेच लागत नाही. वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी वाचत असली तरी अशी पानं पुरवणं हे या प्रोसेसरला जड काम नाही. त्याच पेटीवर ‘कोलिब्री’ ही ऑफलाइन शिकण्याची प्रणालीही बसते, कारण दोन्हींचं काम एकाच जातीचं आहे: साठवलेली पानं आणि व्हिडिओ मुलांपर्यंत पोचवणं. शिक्षकांना त्यात धडे वाटून देता येतात आणि कुणी किती पूर्ण केलं तेही दिसतं.

काम तिसरं: घरातले फोटो आणि फाइली

फोन भरला की घरोघरी फोटो पुसायला सुरुवात होते. ‘इमिच’ ही मुक्त प्रणाली पेटीवर बसवली की घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधले फोटो वाय-फायवरून आपोआप पेटीत जातात आणि तारखेप्रमाणे, चेहऱ्याप्रमाणे लागतात. चेहरे ओळखण्याचं काम पेटीतच होतं, फोटो घराबाहेर जात नाहीत. पहिल्यांदा जुने फोटो चढवताना पेटी काही तास तापेल. नंतर ती शांत होते.

बाहेरगावी असताना घरच्या पेटीपर्यंत पोचायचं तर राउटरची दारं, म्हणजे पोर्ट, उघडी टाकू नका. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे ती युक्ती पुष्कळदा चालतही नाही. टेलस्केलसारखी सोय वायरगार्ड या तंत्राने तुमच्या फोनपासून पेटीपर्यंत बंदिस्त रस्ता तयार करते, तीच वापरा.

घरचे चित्रपट आणि समारंभांचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे असतील तर ‘जेलीफिन’ आहे. टीव्हीला न चालणारा व्हिडिओ पेटीला बदलून द्यावा लागतो, म्हणून इथे पिढी महत्त्वाची ठरते. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर एचईव्हीसी प्रकारच्या १०-बिट व्हिडिओचं रूपांतर ग्राफिक्सच्या भागात करतो, सहाव्या पिढीला ती सोय फक्त ८-बिटपुरती आहे. व्हिडिओसाठी पेटी घेणार असाल तर सातवी पिढी मागा.

याखेरीज नेटवर्क नसलेला जुना प्रिंटर कप्स वापरून सगळ्या संगणकांना वाटता येतो. पाय-होल लावून घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या पुष्कळशा जाहिराती अडवता येतात. पेटी अडकवायची चौकट मॉनिटरच्या मागच्या वेसा छिद्रांत बसत असल्याने ग्रामपंचायतीच्या किंवा दवाखान्याच्या सूचनाफलकालाही ती शोभते.

विजेचा हिशेब

अॅडॅप्टरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा. काम नसताना अशी पेटी साधारण १० वॅट घेते. १० वॅट चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. त्याच जागी रिकामा बसून ५० वॅट ओढणारा जुना टॉवर ठेवला तर महिन्याला ३६ युनिट. फुकट मिळालेला जुना टॉवर म्हणूनच दिवसरात्र चालवायला महाग पडतो. सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं. ते लावून आपला आकडा स्वतः मोजा.

वीज वारंवार जात असेल तर पेटी आणि राउटर दोन्ही एका साध्या यूपीएसवर घ्या. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस या पेटीला चालत नाही.

काय सोपवू नये

मोठे गेम, जड व्हिडिओ संपादन, डझनभर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग हे या पेटीचं काम नाही. आत बहुधा ७ मिलिमीटर जाडीची एकच अडीच इंची डिस्क बसते, म्हणून अनेक डिस्कांचं साठवणही नको. त्यासाठी याच कंपन्यांच्या ‘एसएफएफ’ नावाच्या थोड्या मोठ्या पेट्या मिळतात, त्यांत साडेतीन इंची डिस्क आणि आखूड कार्ड बसतं.

आणि कुठलीही माहिती फक्त या पेटीत ठेवू नका. वाचनालयाच्या नोंदी असोत की लग्नाचे फोटो, रोज रात्री त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आपोआप जाऊ द्या आणि आणखी एक प्रत त्या इमारतीबाहेर ठेवा. दर काही महिन्यांनी त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत काढून बघा. परत काढून पाहिलेली नसेल तर ती प्रत आहे, असं समजू नका.

शेवटी

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याचं नोंद असलेलं पुनर्चक्रण झालं. भारतात १ एप्रिल २०२३पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. पेटी खरोखर मेली की ती भंगारवाल्याकडे न देता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. पण चालती पेटी कचऱ्यात जाऊ देऊ नका.

तुम्ही कंपनीत संगणकांची खरेदी पाहत असाल तर मोडीत काढायच्या यादीतल्या चार पेट्या, डिस्क पुसून आणि बायोसचा पासवर्ड काढून, अॅडॅप्टरसह जवळच्या वाचनालयाला द्या. तुम्ही वाचनालयाचे किंवा शाळेचे विश्वस्त असाल तर त्या मागून घ्या. पेटी बसवून झाली की तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवा: ही काय काम करते, तिचा पत्ता काय, प्रत कुठे ठेवली आहे आणि अडचण आली तर कुणाला विचारायचं. बसवणारा माणूस गाव सोडून गेला तरी पेटीचं काम त्या चिठ्ठीच्या आधाराने चालू राहतं.